इंग्रजी वाक्यांतील पंक्तिभेद

इंग्रजी रचनेचे धडे देणारे आमचे कित्येक व्यवसायबंधु समांतर रचनेस अलंकार समजतात. लिंकननें १८६३ सालीं गेटिसबर्ग येथें तो मिरविला, ठीक आहे. साध्या कारकुनी लिखाणास त्याची गरज काय, असा त्यांचा सूर असतो. दुसरा एक पक्ष हिला परीक्षेंतील सापळा मानतो. चार पर्यायांतून चुकीचें वाक्य हुडकून काढलें कीं विषय संपला! या दोन्ही पक्षांस विषयाचें मर्मच उमगलेलें नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एका क्रियापदाच्या छत्राखालीं दोन-तीन गोष्टी आल्या, तर त्यांचें व्याकरणरूप एकच असावें, एवढीच ही मागणी. 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टु राइड' या वाक्यांत पहिल्या दोघांस ताटांत वाढलें, तिसऱ्यास पत्रावळीवर. मराठींत विभक्तीचा प्रत्यय बहुधा शब्दाच्या अंगालाच चिकटलेला असतो. शब्द वाक्यांत कोठेंही गेला तरी त्याचें नातें लपत नाहीं. इंग्रजीनें आपले जुने प्रत्यय बहुतेक गमावले. आतां नात्याची खूण राहिली ती शब्दाच्या स्थानांत आणि रूपांत; म्हणून रूप बदललें कीं नातें बदललें, असें वाचक समजतो. अलंकार उतरवून ठेवतां येतो. ही खूण उतरविली तर अर्थच निसटतो.

तो निसटला म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील मेन राज्यांत दिसून आलें. तेथील कायद्यानें नाशवंत खाद्यपदार्थांसंबंधींचीं कांहीं कामें जादा वेळाच्या वाढीव वेतनांतून वगळलीं होतीं: कॅनिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, स्टोअरिंग वगैरे, आणि शेवटीं 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. ओकहर्स्ट नांवाच्या दुग्धालयाचे गाडीचालक माल पोंचवीत, बांधीत नसत. वगळलेलें काम मालाच्या बांधणीचें, पोंचवणीचें नव्हे, असें म्हणून त्यांनीं वेतन मागितलें. २०१७ च्या मार्चांत अपील-न्यायालयानें हें कलम संदिग्ध ठरविलें व संदिग्धतेचा लाभ चालकांस दिला. पुढील वर्षीं पन्नास लक्ष डॉलरांवर तडजोड झाली.

वर्तमानपत्रांनीं डंका पिटला तो 'शिपमेंट'पुढें न पडलेल्या स्वल्पविरामाचा. चहाच्या वेळीं सांगावयास गोष्ट सोयीची खरी! परंतु चालकांचा एक मुद्दा याहून खोल होता. यादींतील प्रत्येक काम 'इंग' प्रत्ययान्त. 'शिपमेंट' व 'डिस्ट्रिब्यूशन' मात्र तशीं नव्हेत. अर्थात् हे दोन शब्द त्या पंक्तींतले नव्हतच; ते 'पॅकिंग फॉर'च्या पदरचे. प्रतिपक्षाचें म्हणणेंही पोकळ नव्हतें. 'डिस्ट्रिब्यूशन' हें यादींतलें शेवटचें काम नसेल, तर शेवटच्या कामापूर्वीं यावयाचा 'ऑर' गेला कोठें? न्यायालयासही केवळ व्याकरणावर निकाल देववेना. पण मेनच्या विधिमंडळानें त्याच वर्षीं काय केलें पाहा. कामाकामामध्यें अर्धविराम घालून तें थांबलें नाहीं. 'डिस्ट्रिब्यूशन' खोडून तेथें 'डिस्ट्रिब्यूटिंग' घातलें. नुसत्या शोभेसाठीं कोणतें विधिमंडळ कायदा बदलतें, हें आमच्या व्यवसायबंधूंनीं एकदां सांगावें.

या तोलाचा अतिरेकही होतो. सोळाव्या शतकांत जॉन लिली यानें 'युफ्यूस'मध्यें तो इतका केला कीं त्या शैलीस स्वतंत्र नांव पडलें आणि तिची टवाळीही झाली. पण जेवण अंगावर आलें म्हणून कोणी जन्माचा उपास करीत नाहीं.

आमच्या मुलांना हें परकें वाटावयाचें कारणच नाहीं. 'आधीं पोटोबा, मग विठोबा', 'खायला काळ, भुईला भार' हा तोल घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनीं त्यांच्या कानांत केव्हांच घातलेला असतो. त्या कानाचा उपयोग न करतां आम्ही त्यांच्या हातीं पर्यायांची कोष्टकें देतों, आणि पदवीधराला साधा अर्ज धड लिहितां येत नाहीं म्हणून पुन्हां आम्हीच हळहळतों. कोष्टकें बाजूस ठेवावीं. विद्यार्थ्याला भाडेकराराचें एखादें कलम किंवा सभेची नोटीस इंग्रजींत लिहावयास सांगावें, आणि त्यांतील प्रत्येक यादी वर्गांत मोठ्यानें वाचून घ्यावी. जीभ अडखळेल तेथें खूण करून तेवढाच भाग त्याच्याकडून पुन्हां लिहवून घ्यावा.