अंगी किती लागलं?

किराणा दुकानात सध्या प्रथिनांचा सुकाळ आहे. बिस्किटं, दही, पीठ, चिवडा, ज्यावर त्यावर ‘हाय प्रोटीन’चा शिक्का आणि मागे बारीक अक्षरांत 100 ग्रॅममागे किती ग्रॅम त्याचा आकडा. आकडा खोटा असतो असं नाही. पण खाणाऱ्याच्या अंगी त्यातलं किती लागणार, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

मुळात तो बहुतेक वेळा प्रथिनं मोजून आलेलाही नसतो. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवालेच) योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली. नायट्रोजन मोजा, 6.25 ने गुणा, झाली प्रथिनं! तो नायट्रोजन आला कुठून, याची चौकशी नाही. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच भरवशावर. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. दूध चाचणीत पास झालं. सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

भेसळ नसली तरी पचनाचा प्रश्न उरतो. पूर्वी उंदरांची पिल्लं किती वाढली यावरून प्रथिनांची प्रत ठरे. त्यात कडधान्यांवर अन्यायच झाला, कारण अंगभर केस वाढवणाऱ्या उंदराला गंधकयुक्त अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) माणसापेक्षा जास्त लागतात आणि कडधान्यांत नेमकी तीच कमी. 1991 मध्ये आलेल्या ‘पीडीसीएएएस’ पद्धतीने गरज माणसाच्या मुलांची धरली, पचन मात्र उंदराच्या विष्ठेवरूनच मोजलं. मोठ्या आतड्यातले जीवाणू न पचलेल्या प्रथिनांचा फडशा पाडतात, त्यामुळे तीही पचली असं गृहीत धरलं जातं. म्हणून 2013 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने ‘डीआयएएएस’ सुचवली. यात लहान आतड्याच्या टोकाशी, प्रत्येक अत्यावश्यक अमिनो आम्लाचा वेगळा हिशोब होतो. माणसाच्या पोटात तिथवर नळी घालणं सोपं नाही, म्हणून बरीचशी मोजणी डुकरांवर होते.

या कोंडीतून बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी वाट काढली. जड हायड्रोजनचं पाणी देऊन त्यांनी मूग वाढवले. ते शिजवून, पचन आधीच ठाऊक असलेल्या, वेगळी खूण केलेल्या प्रथिनासोबत स्वयंसेवकांना थोडे थोडे खाऊ घातले आणि रक्तात दोन्ही खुणांचं प्रमाण तपासलं. सालीसकट मुगातली अत्यावश्यक अमिनो आम्लं जेमतेम 63 टक्के पचली. साल काढल्यावर प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास गेलं. अंड्याचं जवळपास 90 टक्के निघालं. म्हणजे 100 ग्रॅम कोरड्या मुगातल्या 24 ग्रॅम प्रथिनांपैकी ढोबळ हिशोबाने 15 ग्रॅमच कामी येतात.

म्हणून मूग वाईट ठरत नाही. सालीत तंतू असतात, ते हवेतच. शिवाय भिजवणं, नीट शिजवणं आणि साल काढणं हे उपाय मराठी स्वयंपाकघराला नवे नाहीत. मोड आलेले वाल एकेक करून सोलल्याशिवाय बिरडं होत नाही. खरी शंका घ्यावी ती बिस्किटावर. साखरेसोबत कडक भाजताना गव्हात आधीच कमी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लाचा काही भाग शरीराला निरुपयोगी होतो. पाकिटावरचा ग्रॅमचा आकडा मात्र होता तिथेच राहतो.

अमेरिकेत पाकिटावर प्रथिनांचा दावा केला, की दैनंदिन गरजेची टक्केवारी द्यावी लागते आणि तीही प्रत व पचन धरून. आपल्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने निदान ‘हाय प्रोटीन’ मिरवणाऱ्या प्रत्येक पाकिटाला ही अट घालावी. माणसांत मोजण्याची पद्धत देशातच तयार आहे. तुरीपासून नाचणीपर्यंत आपल्या रोजच्या खाण्याचे आकडे त्याच पद्धतीने काढून घ्यावेत आणि त्यासाठी सरकारने पैसे द्यावेत.