नाकातली बुरशी : ऑपरेशन म्हणजे अर्धाच उपचार

वस्तीत कुणाचे नाक वर्षभर चोंदलेले असले तरी आपण म्हणतो, ‘त्याची सर्दी जुनीच आहे.’ मग वाफ, बाम आणि मेडिकलमधून विचारून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. वास येईनासा होतो, गाल ठणकतो, नाकातून घट्ट तपकिरी शेंबूड पडतो, तरी सर्दीच! आमचे म्हणणे एवढेच की, तीन महिने न गेलेल्या सर्दीला सर्दी म्हणू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला नाक दाखवावे.

अशा काही दुखण्यांच्या मुळाशी बुरशी असते, आणि बुरशीवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. २०२१ साली कोरोनानंतर आलेली ‘काळी बुरशी’ काही दिवसांत पसरत होती. ही जुनाट बुरशी महिनोन्महिने, वर्षानुवर्षे मुरते. तिचे प्रकार वेगळे, उपचारही वेगळे. एखाद्या सायनसमध्ये बुरशीचा नुसता गोळा साचला असेल, तर तो काढला की बहुधा काम भागते. बुरशीच्या ॲलर्जीने नाकात कोंब वाढले असतील, तर ते काढल्यावरही नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. बुरशी हाडात, डोळ्याकडे शिरत असेल, तर ऑपरेशनबरोबर बुरशीनाशक औषधे अनेक महिने घ्यावी लागतात. कोणता प्रकार आहे, हे दुर्बिणीची तपासणी, सीटी स्कॅन आणि काढलेल्या तुकड्याची तपासणी यांवरून ठरते.

ऑपरेशनची भीती अनेकांना वाटते. ते सहसा नाकपुडीतूनच दुर्बिणीने होते; चेहऱ्यावर काप बहुधा पडत नाही. पण खरी चूक त्यानंतर होते. श्वास मोकळा झाला की फवारा बंद, तपासणीची तारीख चुकवली. एक खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी, हे आम्हालाही कळते. मग कोंब पुन्हा वाढतात आणि आपण म्हणतो, ‘ऑपरेशन फेल गेले.’ ऑपरेशन फेल गेलेले नसते, उपचार अर्धवट राहिलेला असतो.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. इंग्रजीतला कागद हातात देऊन घरी पाठवले, तर पुढे काय करायचे ते घरच्यांना कळणार कसे? म्हणून घरी येण्याआधी तीन प्रश्न विचाराच : बुरशी कोणत्या प्रकारची? औषध किती दिवस? पुन्हा कधी यायचे? उत्तरे मराठीत लिहून मागा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नाक धुण्याचे पाणी उकळून गार केलेलेच घ्या, नळाचे कच्चे नको. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने खाऊ नका. त्यांनी साखर वाढते आणि आत शिरणारी बुरशी फोफावते.

डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, नजर मंदावली, गाल बधिर झाला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर एक रात्रही थांबू नका.

१४ एप्रिलला विहारात आपण साखर आणि रक्तदाब तपासण्याची शिबिरे घेतो. येत्या वर्षी तिथे कान-नाक-घसा तज्ज्ञही बोलवावा, असे आम्हाला वाटते. ‘जुनी सर्दी’ घेऊन बसलेले आपल्याच गल्लीत किती आहेत, ते तेव्हा कळेल.