तिसरी प्रत

पॉक्सो कायद्याचे कलम १९ काढून बघा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची भीती असल्याची खबर ठाण्यात आली, की पोलिसांनी २४ तासांच्या आत दोन ठिकाणी कळवायचे आहे. बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला. यादी इथे संपते.

कौटुंबिक न्यायालय त्यात नाही.

आईबाप वेगळे झालेले, मूल आठवडाभर एकाकडे आणि शनिवार-रविवार दुसऱ्याकडे, अशा घरांचे काय? ते मूल शनिवारी रात्री कोणाच्या घरी झोपणार, हे कौटुंबिक न्यायालयाने ठरवलेले असते. आणि नेमके त्यालाच कोणी काही कळवायचे नाही. गुरुवारी तक्रार नोंदली जाते. शनिवार उजाडतो. भेटीचा आदेश जसाच्या तसा उभा असतो.

तक्रार देणारी बहुधा आई असते. कधी बापही असतो. संशय आईच्या नव्या घरातल्या माणसावरही येऊ शकतो. कोणीही असो, पेच तोच. गुन्हा ठाऊक असून कळवला नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळवला, आणि मुलाला मात्र शनिवारी पाठवले नाही, तर आदेश मोडला म्हणून समोरचा वकील अर्ज घेऊन हजर. एक कायदा बोल म्हणतो. दुसरा म्हणतो, बोललीस ते ठीक, पण दप्तर भर आणि मुलाला दारात आणून सोड.

मग कौटुंबिक न्यायालयाला सांगायचे कोणी? त्या आईनेच. इथे खरी मेख आहे. तीच बाब पोलिसांच्या सही-शिक्क्याने आली असती तर ती माहिती ठरली असती. आईच्या अर्जातून आली की ती ताब्याच्या भांडणातली चाल. ‘पोराचे कान भरलेत’ हे उत्तर तयारच असते. पुढची तारीख पडते. मधल्या शनिवारांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले, तर त्यांनी ती नाकारायचीच आहे. पण तो दरवाजा स्त्रीच्याच तक्रारीला उघडतो, आणि तिथेही अर्ज तिला किंवा तिच्या वतीने कोणाला तरी करावा लागतो.

खोट्या तक्रारी होत नाहीत असे नाही. त्यासाठी पॉक्सोचे कलम २२ आहे. पण चौकशी होईपर्यंत मुक्काम थांबवणे म्हणजे कोणाला गुन्हेगार ठरवणे नव्हे. भेट न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकासमोर होऊ शकते. निर्दोष बापाला त्याचे मूल दिसत राहते, त्याचे काही मुक्काम बुडतात. दोष खरा असेल तर काय बुडते, ते सांगायला नको.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलाला घरातून हलवायचे का, हे तीन दिवसांत ठरवायला बालकल्याण समितीला सांगितले आहे. तो नियमही संशयित मुलाबरोबर एकाच किंवा सामायिक घरात राहतो असे धरून चालतो. आठवड्यातून दोन दिवसांचे घर त्यात बसते का? ठाण्यातल्या अंमलदाराला जसे वाटेल तसे.

करायचे आहे ते फार थोडे. तक्रार घेताना एक प्रश्न विचारायचा: मुलाच्या ताब्याचा किंवा भेटीचा दावा कुठे चालू आहे का? असेल तर त्याच २४ तासांत तिसरी प्रत त्या न्यायालयाला. मुलाची ओळख गुप्त राहिली पाहिजे, ही सबब इथे चालणार नाही. मुलाचे नाव, वय, शाळा, घरचा पत्ता, सगळे त्या दाव्याच्या कागदांत आधीपासूनच आहे.