देशी बचाव, परकी नोंद

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. बोदवडच्या आमच्या स्टाफरूममध्येही ठरलेला जयघोष झाला : बुद्धिबळ मुळात आपले, चतुरंग आपले, आणि ‘इंडियन डिफेन्स’ हे नावच त्याचा पुरावा! अंतिम सामन्यातला एकही डाव मात्र कुणी पटावर मांडून पाहिला नव्हता. याच जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी मांडलेल्या देशीयतेचेही आपण मराठीच्या प्राध्यापकांनी हेच केले आहे.

पुरावाच द्यायचा तर तो नीट तपासू. कलकत्त्याचे महेशचंद्र बंद्योपाध्याय देशी नियमांत मुरलेले खेळाडू. त्या नियमांत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. घाई नसते, उंट बाजूने कर्णावर आणून बसवता येतो. मे १८५५ मध्ये बॅरिस्टर जॉन कॉक्रेनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी हेच केले. घोड्याला घोडा दिला, पटाचा मध्य गोऱ्या प्याद्यांना घेऊ दिला आणि मग उंटापुढचे प्यादे एकदम दोन घरे रेटून त्याच मध्याला सुरुंग लावला. डाव मात्र कॉक्रेनने जिंकला. हीच मांडणी १९२२ मध्ये व्हिएन्नाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड खेळला आणि आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्या वाट्याला ‘इंडियन’ हे सामान्यनाम आले. विशेषनाम त्याला मिळाले.

हा अन्याय आहेच. परंतु त्यावर गळा काढण्याआधी दोन गोष्टी मान्य कराव्या लागतील. पहिली, महेशचंद्रांचे जे डाव टिकले ते कॉक्रेनशी झालेले, इंग्रजीत नोंदलेले. जो हरला त्याला नव्हे, ज्याने हरवले त्याला नोंद महत्त्वाची वाटली! दुसरी, त्या डावातला उंट देशी होता, पण प्याद्याची दोन घरांची झेप विलायती नियमाची होती. शुद्धतेचा हट्ट धरला असता तर हा डाव जन्मालाच आला नसता.

आपण वर्गात ‘देशीयतेची वैशिष्ट्ये’ मुद्देसूद उतरवून देतो. विद्यार्थी ती तशीच उत्तरपत्रिकेत उतरवतात. ‘कोसला’चे एक पान वाक्यावाक्याने वाचून, तिथे देशी काय आणि बाहेरून आलेले काय, हे आपल्यापैकी कितीजण दाखवतात? वारशाचा अभिमान फुकट मिळतो. वाचन आणि नोंद यांना कष्ट पडतात, आणि तेवढ्याच कामाचे वेतन आपण घेतो.