निमंत्रण देवाचे, होकार कोणाचा?

ख्रिस्ती मंडळ्यांच्या रविवारच्या शाळांतून मुलांना जे पाठ शिकविले जातात, त्यांत तारणाच्या निमंत्रणाचा पाठ इतर सर्व पाठांहून निराळा आहे. नोहाचे तारू, दाविदाची गोफण, सिंहांच्या गुहेतला दानीएल या गोष्टी मुलाने ऐकाव्या, त्यात रमावे आणि घरी जाऊन सांगाव्या, एवढीच शिक्षकाची अपेक्षा असते. या पाठाच्या अखेरीस मात्र मुलाकडून काही हवे असते. देव तुला बोलावीत आहे, येशूने तुझ्यासाठी प्राण दिला आहे, तू त्याला आपल्या अंतःकरणात घेतोस का, असा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारला जातो. उत्तरही पुष्कळ ठिकाणी तिथल्या तिथे द्यावयाचे असते: हात वर करून, शिक्षकामागून एक छोटी प्रार्थना म्हणून, किंवा एखाद्या छापील पत्रिकेवर नाव लिहून.

हा त्या त्या मंडळीचा अंतर्गत प्रश्न आहे, इतरांनी त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने चार वर्षे का होईना फळ्यासमोर काढली आहेत, त्याला या प्रसंगात ओळखीचे काहीतरी दिसल्यावाचून राहणार नाही. पन्नास मुलांना 'समजले का?' असे विचारावे आणि पन्नास मुखांतून 'हो' असे एकसुरात उमटावे, हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाही? त्या 'हो'ची किंमत तो जाणतो. ते उत्तर विषयाला दिलेले नसते, ते गुरुजींना दिलेले असते. मुलाला गुरुजी आवडतात, गुरुजींना 'हो' आवडते, शेजारच्याने हात वर केलेला आहे. एवढ्या भांडवलावर 'हो' निघते. भागाकार समजला की नाही हे उद्याच्या वहीत दिसते, आणि चूक सुधारता येते. देवाला दिलेला होकार तपासावयाला अशी वही नाही, म्हणूनच तो घेताना अधिक जपावयास हवे.

या पाठाचे एक प्रसिद्ध साधन आहे, ते म्हणजे शब्दांवाचूनचे पुस्तक. त्यात अक्षर नसते, केवळ रंगीत पाने असतात. लंडनचे विख्यात धर्मोपदेशक स्पर्जन यांनी १८६६ साली एका प्रवचनात त्याचा उल्लेख केला, तेव्हा पाने तीनच होती: काळे म्हणजे पाप, तांबडे म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरे म्हणजे शुद्ध झालेले अंतःकरण. पुढे मूडी या अमेरिकन प्रचारकाने स्वर्गाचे सोनेरी पान घातले आणि विसाव्या शतकात वाढीचे हिरवे पान आले. १९३७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप' या संस्थेने ते जगभर नेले. निरक्षराला, परभाषिकाला, बालकाला एका दमात सारा सिद्धांत सांगता यावा, ही त्यामागची कल्पकता निःसंशय मोठी आहे. (काळा रंग पापाचा असे सावळ्या मुलांनी भरलेल्या वर्गाला सांगण्यापूर्वी आपल्याकडच्या शिक्षकाने क्षणभर थांबावे, हा प्रश्न वेगळा, पण क्षुल्लक नव्हे.) परंतु दोष नेमका या सोयीतच आहे. पाच पाने पाच मिनिटांत उलटतात, आणि शेवटचे पान उलटले की उत्तराची वेळ झाली असे शिक्षकालाच वाटू लागते.

असे शिकविणाऱ्यांची बाजू हलकी मानू नये. मनुष्याचे अनंतकालीन कल्याण या एका स्वीकारावर अवलंबून आहे असे जो मनापासून मानतो, त्याने मुलाला सोळा वर्षांचा होईपर्यंत थांब म्हणावे, ही अपेक्षा त्याला क्रूरपणाची वाटणार. आणि बालवयात मन कोवळे असते हे तर सर्वच धर्मांनी ओळखले आहे. प्रश्न त्यांच्या कळकळीचा नाही. कळकळीने काय घडते, हा आहे.

१७३५ साली अमेरिकेतील नॉर्थॅम्प्टन गावी धर्मजागृतीची मोठी लाट आली. तेथील पाळक जोनाथन एडवर्ड्स हे त्या काळातील श्रेष्ठ तत्त्वचिंतक. त्यांनी १७३७ साली छापलेल्या वृत्तांतात फीबी बार्टलेट या चार वर्षांच्या मुलीचे परिवर्तन मोठ्या आदराने वर्णिले आहे. ही पोर दिवसातून अनेकदा कोठडीत एकटी जाऊन प्रार्थना करी. आपण नरकात जाऊ या भीतीने आईजवळ रडली. आणि मग एकाएकी शांत झाली, देवाचे राज्य आपल्याला लाभले असे सांगू लागली. काही दिवसांनी ती मोठ्या मुलांबरोबर शेजाऱ्याच्या आवारातून आलुबुखार घेऊन आली. न विचारता घेणे हे पाप, असे आईने सौम्यपणे सांगताच तिला रडे आवरेना. मालकाची परवानगी मिळाली तरी ती रडतच राहिली, आणि पुढे बराच काळ त्या फळाचा तिला तिटकारा वाटला. एडवर्ड्सना यात कृपेचे कार्य दिसले. असेलही. आजच्या वाचकाला मात्र त्या आलुबुखारांपुढे थबकावे लागते. चार वर्षांच्या जिवाला पापाचे ओझे पेलण्याची शक्ती येण्यापूर्वी ते त्याच्या डोक्यावर ठेवले गेले, असेच तेथे वाटते.

याला विरोध बाहेरच्यांनीच केला असे नाही. हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ साली 'ख्रिस्ती संगोपना'वरील आपली प्रवचने छापली. ख्रिस्ती घरातील मुलाला आधी पापी ठरवून मग एका क्षणी पालटविण्याचा हट्ट सोडावा. आपण कधी देवाचे नव्हतो अशी आठवणच राहू नये अशा रीतीने त्याला वाढवावे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या संस्थेने ते पुस्तक काढले, तिला टीकेमुळे ते मागे घ्यावे लागले. रोमन कॅथॉलिक पंथाची वाट आणखी निराळी. तेथे तान्हेपणी बाप्तिस्मा होतो. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचे वय मात्र १९१० साली दहावे पोप पायस यांनी सुमारे सात वर्षांवर आणले. उलट बाप्टिस्ट मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतच नाहीत, कारण स्वतः विश्वास धरल्यावाचून तो व्यर्थ, असे त्या मानतात. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारताची एकीकृत मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिने बालबाप्तिस्मा व विश्वास प्रकट केल्यानंतरचा बाप्तिस्मा या दोन्ही रीतींना आपल्यात जागा दिली. मुलाचा होकार केव्हा खरा मानावा याविषयी खुद्द ख्रिस्ती जगात एकमत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. मग एका रविवारच्या अर्ध्या तासात तो मिळविण्याची निश्चिती शिक्षकाने कोठून आणावी?

शुभवर्तमानांकडे वळले तर काय दिसते? निमंत्रणाची मूळ कथा लूकच्या चौदाव्या अध्यायातील मेजवानीची. यजमानाने बोलावणे धाडले. एकाने शेत घेतले होते, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. तिघांनी नकार कळविला. यजमान रागावला, परंतु त्याने त्यांना ओढून आणले नाही. गल्लीबोळांतील दरिद्री, लंगडे, आंधळे बोलावले. तरीही जागा उरली, तेव्हा रस्त्यावरच्यांना आत आणण्यास त्याने चाकराला सांगितले, आणि येथे मूळ ग्रीक क्रियापद भाग पाडण्याच्या अर्थाचे आहे. या एका शब्दाने इतिहासात मोठा अनर्थ केला. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतील डोनाटस पंथीयांवर राजसत्तेच्या बळाचा वापर योग्य ठरविण्यासाठी याच वचनाचा आधार घेतला.

मराठी माणसाला या शब्दाचा उलगडा कदाचित लवकर व्हावा, कारण आपल्याकडे आग्रह आणि सक्ती हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतील भेद आपण पंक्तीत शिकतो. यजमान जिलबीचे ताट घेऊन समोर उभा राहतो, शपथ घालतो, 'माझ्यासाठी एक' म्हणतो. पाहुणा पानावर हात आडवा धरतो. त्या आडव्या हाताला मान आहे तोवर तो आग्रह. हात बाजूला सारून वाढले की तो आग्रह राहत नाही. मुलाची अडचण अशी की मोठ्या माणसासमोर हात आडवा धरण्याचे बळ त्याला अजून आलेले नसते. त्याच्या वतीने तो हात वाढणाऱ्यानेच सांभाळावयाचा असतो.

मार्कच्या दहाव्या अध्यायात दोन प्रसंग एकापाठोपाठ येतात. पहिल्यात शिष्य मुलांना अडवितात आणि येशू रागावून त्यांना जवळ बोलावितो, कवेत घेतो, आशीर्वाद देतो. त्या मुलांना त्याने एकही प्रश्न विचारलेला नाही. दुसऱ्यात एक धनिक येतो. त्याला सर्वस्व विकून मागे येण्याचे निमंत्रण मिळते, ते त्याला पेलत नाही, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. येशूचे त्याच्यावर प्रेम होते असे तेथे स्पष्ट म्हटले आहे, तरी त्याने त्याला मागून हाक मारली नाही. मुलांना मिठी आणि प्रौढाला प्रश्न, हा क्रम रविवारच्या शाळांनी का उलटा करावा?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, स्कॉटिश मिशनरी नेसबिट यांच्या घरी राहिला व जेवला. बापाने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले. मग त्याला जातीत घ्यावे की नाही यावर शास्त्रीपंडितांत रणे माजली. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. मिशनच्या दृष्टीने श्रीपत तारणाचा साधक होता, न्यायालयाच्या दृष्टीने पित्याच्या ताब्यातील अज्ञान, ब्रह्मवृंदाच्या दृष्टीने पंक्तिदोषाचे प्रकरण. त्या मुलाच्या मनात काय होते हे तोलण्याचा काटा तिघांपैकी कोणाकडेही नव्हता.

पन्नास वर्षांनी पुण्यात शारदासदनाचे वादळ उठले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेले हे सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरलेले होते, आणि रमाबाई ते देतही नव्हत्या. परंतु आपल्या मुलीसह त्या प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि सदनातील काही मुली येऊन बसत. १८९३ साली यावरून रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार हे निमंत्रण की आमिष? रमाबाईंचे म्हणणे असे की स्वतःच्या प्रार्थनेसाठी मी दार का लावावे? ते खोटे म्हणता येत नाही. पण ज्या बालविधवेला जगात दुसरे छप्पर नाही, तिचे पाऊल त्या दाराकडे केवळ देवाच्या ओढीने वळले, की अन्न आणि माया देणाऱ्या बाईंच्या ओढीने, हे तिला स्वतःला तरी सांगता आले असते का? सल्लागारांची शंकाही खोटी नव्हती.

याच रमाबाईंची साक्ष या विषयात सर्वांत मोलाची आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचविशीच्या, संस्कृतच्या प्रकांड पंडिता होत्या. तरीही १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांचेही तेच. पती १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा होकार आला तो १९०० साली, ताटातूट आणि यातना सोसून, त्यांच्या स्वतःच्या वाटेने. या दोघींना जेथे वर्षे लागली, तेथे दुसरीतल्या मुलाकडे आपण मिनिटे मागतो.

'मग मुलांना धर्मच शिकवू नये, सज्ञान झाल्यावर त्यांचे ते पाहतील,' असे बुद्धिवादी मित्र म्हणतील. हे बोलणे जितके स्वच्छ तितकेच अव्यवहार्य आहे. पोकळीत कोणतेही मूल वाढत नाही. मुंजीच्या बोहल्यावर आठ वर्षांच्या बटूला त्याची संमती कोणी विचारत नाही. नास्तिकाच्या घरातील मुलालाही बापाचे मौन बरेच काही शिकवीत असते. ख्रिस्ती आईबापांनी आपल्या मुलाला येशूची कथा सांगावी यात गैर काही नाही, न सांगणे हाच त्यांच्या दृष्टीने अपराध. शिकविणे वेगळे आणि निर्णय वसूल करणे वेगळे, एवढाच मुद्दा आहे. मुंजीतही मुलाच्या गळ्यात जानवे पडते. 'मी हे माझ्या निवडीने घातले' असे त्याच्याकडून वदवून घेतले जात नाही.

शाळा हे क्षेत्र तर आणखी नाजूक. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतील कोणाही विद्यार्थ्याला संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येत नाही, आणि तो अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेचे बालवर्ग शाळेच्या इमारतीत भरवावे की नाही, हा वाद २००१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शाळा सुटल्यानंतर, पालकांच्या परवानगीने ते भरत असल्याने न्यायालयाने त्यांना मुभा दिली. कायदा पालकाची सही पाहू शकतो. पालकाची सही असलेल्या वर्गातही मुलाचा हात कोणाच्या डोळ्यांकडे पाहून वर गेला, हे पाहणे कायद्याच्या आवाक्यातील नाही. ते पाहणारा एकच जण त्या खोलीत असतो, तो म्हणजे शिक्षक.

अशा शिक्षकाला हा पाठ वगळण्याची गरज नाही. त्याने मेजवानीची गोष्ट पुरती सांगावी. नाही म्हणणाऱ्या तिघांना घाईने बाजूस सारू नये, कारण मुलांना त्यांच्याविषयीच अधिक प्रश्न पडतात. नरकाची भीती आणि खाऊचा पुडा ही दोन्ही साधने त्याने दाराबाहेर ठेवावी. मूल आपण होऊन काही विचारील, कबूल करील, रडेल, तर त्याच्याजवळ बसावे आणि त्याच्या आईबापांना कळवावे. आकडा म्हणून वार्षिक अहवालात त्याची नोंद करू नये. आणि उधळ्या पुत्राची कथा तो घरी परतला तेथे संपवू नये. घरात वाद्ये वाजत आहेत, थोरला भाऊ रुसून अंगणात उभा आहे, आणि बाप मेजवानी सोडून बाहेर येऊन त्याची विनवणी करीत आहे, येथवर ती न्यावी. मग तो आत गेला का, असे वर्गातले कोणीतरी विचारीलच. लूकने ते लिहिलेले नाही, आणि शिक्षकानेही ते आपल्या पदरचे सांगू नये.