चान्यांचा धूर आणि आपली लाज

थंडी पडली की फलटणच्या आसपासच्या रस्त्यांवर 'चुलीवरचं मटण'चे बोर्ड दिसतात. रानात हुरड्याबरोबर निखाऱ्यावर कोंबडी भाजली जाते, फोटो टाकले जातात. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात त्याच धुराच्या वासाला 'स्मोक्ड' म्हणतात आणि जादा पैसे घेतात. आमचा त्याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच : हाच धूर महारवाड्यातून, मांगवाड्यातून निघत होता तेव्हा गावानं नाक का मुरडलं?

आमच्या आज्या चान्या करायच्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळत घालायच्या. हिवाळ्यातली कोरडी हवा आणि ऊन त्याला चांगलं. कडक वाळलेले तुकडे मडक्यात भरून ठेवायचे आणि हाताला काम नसलेल्या दिवसांत निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायचे. मीठ आणि ऊन मांसातलं पाणी काढतं, पाणी गेलं की मांस सडत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं बिल्टाँग याच शास्त्रावर टिकतं. तिथं ती परंपरा, इथं मात्र विटाळ!

काही मित्र विचारतात, "बाबासाहेबांनी सोडायला सांगितलेलं आता कशाला उकरून काढता?" नीट समजून घेऊ. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, कारण ते गावकीच्या गुलामीशी बांधलेलं होतं. ढोरं ओढायची आणि मोबदल्यात मढं खायचं, हा हक्क नव्हता, बेडी होती. ती बेडी आपल्या माणसांनी उपाशी राहून तोडली. म्हणून चान्यांचं उदात्तीकरण आम्ही करणार नाही. त्या मडक्यात चवीपेक्षा भूक जास्त होती.

पण बेडी तोडणं वेगळं आणि आजीची लाज वाटणं वेगळं. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात बाबासाहेबांनीच गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला. ताटावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेला त्यांनी आरोपी केलं, खाणाऱ्याला नाही.

ती व्यवस्था संपलेली नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळू कापण्यावरही बंदी आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्याबाहेरून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. तरीही भाड्यानं खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "नॉनव्हेज खाता का?" त्यामागचा खरा प्रश्न कोणता, हे आपल्याला कळतं.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट पुस्तकात आणलं. फलटण-माण भागाचं ताट आपण लिहू. या थंडीत शेकोटीला बसाल तेव्हा आजीला विचारा : काय खायचा, कुठून यायचं, कोण काय बोलायचं? खाली मान घालून नाही, वही उघडून विचारा.

जय भीम!