ऑप्टिमाइझ केले, म्हणजे नेमके काय?

रिलीज नोटमध्ये ‘परफॉर्मन्स ऑप्टिमाइझ केला’ एवढे लिहिले की काम झाले, अशी समजूत सॉफ्टवेअरच्या धंद्यात घट्ट बसली आहे. वेळ वाचला की मेमरी, किती वाचली आणि त्यापायी काय खर्ची पडले, यातले काहीच त्या ओळीतून कळत नाही.

‘जीटीए ऑनलाइन’ हा गेम पीसीवर सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागत. खेळाडू वर्षानुवर्षे ताटकळले. 2021 मध्ये कंपनीबाहेरच्या एका प्रोग्रॅमरने प्रोफायलर लावला, तेव्हा घोळ सापडला. दहा एमबीच्या जेसॉन मजकुरातली प्रत्येक नोंद वाचताना प्रोग्रॅम उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी पुन्हा मोजत होता. शिवाय सुमारे 63 हजार वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहिली जात होती. म्हणजे जवळपास दोनशे कोटी तुलना. लांबी एकदाच मोजून ठेवली, अनावश्यक तपासणी काढली आणि त्याच्या मशीनवर सहा मिनिटांचे लोडिंग दोन मिनिटांच्या आत आले. मार्चमध्ये गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनेही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

इथे कामी आले ते मोजमाप. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये समांतर प्रक्रियेच्या संदर्भात मांडलेला हिशोब रोजच्या कोडलाही लागू पडतो: एकूण वेळेत दहा टक्के वाटा असलेला भाग शून्यावर आणला, तरी नव्वद टक्के वेळ लागतोच.

मोजमापाइतकीच किंमतही महत्त्वाची. पुढची सूचना अंदाजाने आधीच चालवून ठेवण्याच्या युक्तीने प्रोसेसर वेगवान झाले. त्याच युक्तीतून गुपित डेटा झिरपू शकतो, हे जानेवारी 2018 मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या त्रुटींमुळे जगजाहीर झाले. त्यावरच्या पॅचेसनी काही कामांचा मिळवलेला वेग परत घेतला.

म्हणून कोड रिव्ह्यू करणाऱ्याने ‘ऑप्टिमाइझ’ हा शब्द दिसला की थांबून विचारावे: आधी किती वेळ लागत होता, आता किती लागतो, कोणत्या मशीनवर? इंडेक्स टाकून सिलेक्ट जलद झाले असेल, तर इन्सर्ट किती मंदावले, हेही नोंदवावे. आणि चाचणी प्रॉडक्शनइतक्या डेटावर घ्यावी. ‘जीटीए’तल्याच पद्धतीने शंभर वस्तू तपासल्या तर पाचएक हजार तुलना होतात. तेवढ्याने कोणत्याही डेव्हलपरच्या लॅपटॉपवर काही जाणवत नाही.